मोबाईलची संकष्टी

टिपणीस काका आमच्या दारात उभे राहून मला फोन करतात. दार सताड उघडं असलं तरी. मी समोर ओट्यापाशी कणीक मळताना त्यांना दिसत असले तरी. ते उंबऱ्याबाहेर थांबतात, माझ्याकडे बघत खिशातून फोन काढतात, इकडे फ्रिजवर माझा फोन वाजतो, मी हात धुते, फोन उचलते, आणि तो गृहस्थ दोन पावलांवरून माझ्या डोळ्यांत बघत फोनमध्ये विचारतो, "केतकर वहिनी, येऊ का?"

"या," मी म्हणते. तेही फोनमध्येच. नुसत्या तोंडाने म्हटलेलं त्यांना ऐकू येतं, पण ते ग्राह्य धरत नाहीत.

एकदा वैतागून मी म्हटलं, अहो काका, आम्ही बेल काय शोभेला लावलीय का? तर म्हणाले, "बेल म्हणजे हुकूम, वहिनी. फोन म्हणजे विनंती. बेल वाजली की माणसाला असेल तसं उठावं लागतं. फोन नाही उचलला तरी चालतो."

"तुमचा नाही उचलला तर तुम्ही परत करता."

"विनंती दोनदा करता येते."

आमची इमारत नारायण पेठेत. काका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात आणि मी बरोबर त्यांच्या खाली. शिवाय मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला मी गेले नव्हते, म्हणून झाले.

काकांच्या स्वतःच्या दाराला बेलच नाही. दोनतीन वर्षांमागे त्यांनी ती उपटून काढली आणि भोकावर पाटी ठोकली. "बेल काढली आहे. आल्यावर फोन करावा. फोन नसल्यास आधी घ्यावा, मग यावे. दार वाजवू नये. हाका मारू नयेत." कुरिअरवाले ही पाटी शेवटपर्यंत वाचतात आणि पार्सल माझ्याकडे देऊन जातात.

काकांचा जन्म गेला टेलिफोन खात्यात. लोक फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचे आणि फोन आला की पेढे वाटायचे, त्या काळात हा माणूस वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून पेठापेठांतले जिने चढला. त्यामुळे मोबाईलने जग बिघडलं असं कोणी म्हटलं, की त्यांना घरच्या लेकीला नावं ठेवल्यासारखं लागतं. "जन्मभर माणसं जोडायचा पगार घेतला," ते म्हणतात, "आता पेन्शन घेऊन तोडायची का?"

पहिल्या मजल्यावरचे सोमण एकदा खाली कट्ट्यावर म्हणाले, "या फोनपायी घराघरातला संवाद संपला हो."

काका म्हणाले, "सोमण, तुम्ही उभा जन्म जेवताना तोंडासमोर पेपर धरलात. संवाद कधी होता ते आधी सांगा. म्हणजे संपला कधी ते काढता येईल."

सोमणांच्या बायकोने त्या संध्याकाळी काकांना अळूवड्या पाठवल्या.

काकांची मतं अशी ठाम असतात आणि विचारायची वाट बघत नाहीत. फोन खिशातला, टॅब घरातला. फोन म्हणजे टपरीवरचा चहा, उभ्याउभ्या घ्यायचा. टॅब म्हणजे पाट-पाणी मांडून जेवण. निम्म्याहून कमी बॅटरी असताना जो घराबाहेर पडतो त्याला पोरगी देऊ नये. 'लास्ट सीन' लपवणाऱ्याने मुळात फोन घेऊच नये, कपाटात बसावं. आणि फ्लाइट मोड हा विमानात बसलेल्यांसाठी आहे, दुपारी झोपलेल्यांसाठी नाही. हे शेवटचं मत पुण्यात राहून मांडायला छाती लागते.

कोणी भेटलं की नमस्कार-चमत्कार नाही. "किती टक्के?" हा पहिला प्रश्न. आपण बॅटरी बघून आकडा सांगायचा, मग ते "बरं आहे" किंवा "जपा" म्हणतात, आणि तिथून पुढे बोलणं. चौथ्या मजल्यावरच्या दात्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे सफरचंदं घेऊन गेले. काका एक्स्टेंशन बोर्ड घेऊन गेले. आम्ही हसलो. पण दाते सांगतात, त्या खोलीतलं प्लगचं एकमेव भोक खाटेच्या मागे होतं, आणि सफरचंदं काय, शेवटी नर्सेसनी खाल्ली.

त्यांच्या मनगटावर ते हुशार घड्याळ असतं. बराच वेळ बसून राहिलं की ते थरथरतं, म्हणजे उठायचं. काका उठतात. कुठेही. दात्यांच्या वडिलांच्या शोकसभेला आम्ही सगळे गेलो होतो. वक्ते कैलासवासींच्या बालपणात नुकते शिरले होते, तोच काका उभे राहिले. ते उभे राहिलेले बघून त्यांची रांग उभी राहिली, मग मागची, आणि बघता बघता सगळा हॉल माना खाली घालून उभा. वक्ते बिचारे गांगरले आणि म्हणाले, "ओम शांती." सभा संपली. घरी येताना काका म्हणाले, "आटोपशीर झाली."

आणि गंमत ही, की हा दिवसरात्र जोडलेला माणूस दुपारी बारा ते दीड कोणालाही सापडत नाही. फोन उचलत नाहीत, दार उघडत नाहीत. नंतर विचारलं, काय हो, कुठे होतात, तर "अपडेट होत होतो." एकदा त्या वेळी त्यांच्या घरावरून गच्चीत जाताना खिडकीतून मला दिसलं होतं, की जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून टॅब उभा आहे आणि काका त्यात बघत जेवतायत. मी मनात म्हटलं, क्रिकेट. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, सिरियल.

दर रविवारी मात्र ते मांजरी गावात मोठ्या बहिणीकडे जातात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पॉवर बँका, चेहऱ्यावर गड सर करायला निघाल्याचा भाव. बहीण आजारी असते, अंथरुणावर असते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. "ताई कशा आहेत?" असं विचारलं की उत्तर यायचं, "ठीक. रेंज चांगली आहे तिकडे." आता याच्यापुढे माणसाने काय विचारायचं?

तर मोबाईलच्या संकष्टीचं असं झालं.

आमच्या पार्किंगमध्ये गणपतीची छोटी मूर्ती आहे. दर संकष्टीला तिथे आरती होते. दोन महिन्यांपूर्वी आरतीत मी हातात निरांजन घेऊन उभी, आणि बघते तर निम्मी इमारत आरतीचा व्हिडिओ काढतेय. टाळ्या वाजवायला हात कोणाचा मोकळा नाही. तेवढ्यात सोमणांचा फोन वाजला आणि ते बाप्पाकडे पाठ करून गॅसच्या सिलेंडरबद्दल बोलायला लागले. माझं डोकं सणकलं. प्रसाद वाटायच्या आधीच मी जाहीर केलं, "पुढच्या संकष्टीला मोबाईलचाही उपवास. सकाळी फोन माझ्याकडे आणून द्यायचे. चंद्रोदयाला परत."

उपवास म्हटला की आमच्याकडे पहिला प्रश्न, काय काय चालतं. तिथल्या तिथे चर्चासत्र सुरू झालं. लँडलाइन चालेल का? चालेल, वरीचे तांदूळ आहेत. टीव्ही? दाण्याची आमटी, चालेल. हुशार घड्याळ? तो कांदा झाला, मुळीच नाही. दात्यांनी विचारलं, चुकून दुसऱ्याच्या फोनवर नजर पडली तर? सोमण म्हणाले, नजर पडलेलं चालतं, बोट लागलेलं नाही.

शेवटी टिपणीस काका पुढे आले. मग म्हणाले, "चंद्रोदयाची वेळ कशावर बघणार?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे," मी म्हटलं.

"ठीक. बारा ते दीड सोडून मी तयार आहे."

सगळे हसले. सोमणांना तर अळूवड्यांचा जुना हिशोब चुकता करायचाच होता. "उपवासाला मधली सुट्टी नसते हो, टिपणीस. बारा ते दीडमध्ये काय तुमचे सेल बदलतात का?"

"मला त्या वेळी काम असतं."

"काय काम?" मी विचारलं.

काका बाप्पाच्या गळ्यातला हार नीट करायला लागले. आणि मीही सोडणाऱ्यातली नाही. "मग सरळ सांगा ना काका, की जमायचं नाही."

हे त्यांना लागलं. ज्या माणसाने सगळ्या पेठेला फोन कसा वापरायचा ते शिकवलं, त्याला फोनविना एक दिवस राहता येत नाही, असं पार्किंगमध्ये गणपतीसमोर ठरत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "जमेल," ते म्हणाले. "सगळे फोन आणून देतो. घड्याळही देतो."

टॅबचं नाव कोणी काढलं नाही. त्यांनीही काढलं नाही, हे मी बरोबर टिपलं.

संकष्टीला सकाळी मी दिवाळीचा चिवड्याचा मोठा डबा काढून ठेवला. एकेक जण येऊन त्यात फोन टाकून गेला. सोमण टाकताना असे थांबले, जसं काही लेक सासरी चाललीय. सगळ्यात शेवटी माझा फोन वाजला. काका दारात उभे. "येऊ का?" "या." आत येऊन त्यांनी घड्याळ टाकलं, जुना फोन टाकला, त्याहून जुना टाकला, आणि ज्यावरून मला फोन केला होता तो सगळ्यात वर ठेवला. "याला सत्त्याण्णव टक्के आहे," म्हणाले आणि वर गेले. त्यावर मी माझा ठेवला.

अकरापर्यंत इमारत ओळखू येईना. लोक जिन्यात उभे राहून बोलत होते. दातेवहिनी माझ्याकडे वाटीभर साखर मागायला आल्या आणि गप्पा मारून, साखर न घेताच गेल्या. सोमण दोनदा येऊन विचारून गेले की डब्यात त्यांचा वाजला का. मला धन्य वाटत होतं. तेवढ्यात सोमणांच्या घरातून सिरियलचा आवाज आला. इतका स्वच्छ, की बाई नवऱ्याला काय सुनावतेय ते जिन्यात कळत होतं. मी खाली जाऊन बघितलं तर टीव्ही वायफायवर चाललेला.

वायफायवर केलेला उपवास म्हणजे दार लावून खाल्लेली भजी. आणि दार लावून खाण्यावरून मला तिसऱ्या मजल्यावरचा टॅब आठवला. म्हणजे काकांनी फोन एवढ्या दिमाखात का दिले, ते आता कळलं. आमच्या इमारतीचं वायफाय सोसायटीचं आहे, काकांनीच हट्ट धरून बसवून घेतलेलं. त्याची डबी जिन्याखालच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली सेक्रेटरीकडे. मी पेटी उघडली, बटण बंद केलं, वर आले आणि समाधानाने खिचडीसाठी दाण्याचं कूट करायला घेतलं.

बारा वाजून गेले असतील. बेल वाजली. लांबलचक, बोट दाबून धरल्यासारखी.

दार उघडलं तर टिपणीस काका. अंगात बनियन, आणि उजव्या हाताला वरणभात लागलेला. बेल डाव्या हाताने वाजवली होती, तो हात अजून वरच होता. माझ्या इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझी बेल कधी वाजवली नव्हती.

"वहिनी, वायफाय बंद केलंत?"

मी 'सापडलात' असं म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. त्या हाताकडे बघून ते तोंडातच राहिलं.

"चालू करा," ते म्हणाले. "ताई जेवायची थांबलीय."

मला काही कळलं नाही, पण मी किल्ली घेऊन धावले. बटण चालू केलं. त्या डबीवरचे दिवे लागायला वेळ लागतो. एक लाल लागतो, मग दुसरा उघडमीट करत बसतो. आम्ही दोघं जिन्याखाली वाकून त्या दिव्यांकडे बघत होतो, आणि काका माझ्याकडे न बघता बोलत होते.

"ताईला झटका आला तेव्हापासून ती बोलत नाही. भाचा आणि भाचेसून दोघंही खराडीला नोकरीला. सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. काय करतील? ताईला सांभाळायला शोभाबाई असते दिवसभर, चांगली आहे. पण ताई तिच्या हातचं खाईना. तोंडच मिटून घ्यायची. एक दिवस मी तिच्या समोर बसून जेवलो, तर तिने तोंड उघडलं. मी घास घेतला की घेते. मी थांबलो की थांबते."

"मग रोज जाऊन बसायचं होतंत."

"चार दिवस गेलो. भाचेसून रडली. म्हणाली, मामा, आम्ही त्यांना उपाशी ठेवतो असं वाटतं का तुम्हाला? मग टॅब घेऊन दिला. बारा ते दीड मी इकडे जेवतो, ती तिकडे जेवते."

"आणि बेल?" मी विचारलं. का ते मला माहीत नाही, पण एकदम तेच तोंडात आलं.

"इकडची बेल तिला तिकडे ऐकू जायची. तिला वाटायचं आपल्याच दारात कोणी आलंय. उठायला बघायची. उठता येत नाही. मग रडायची." त्यांनी त्या डबीवर बोटाने टिचकी मारली. "म्हणून काढून टाकली."

"ती तुमच्या दाराची. आमच्या दारात तरी वाजवायचीत."

"आपल्या दाराला एक न्याय आणि लोकांच्या दाराला दुसरा, हे बरं दिसत नाही."

"काका, हे त्या दिवशीच सांगायचं ना."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती, वहिनी. तिला घास भरवावा लागतो, हे मी पार्किंगमध्ये सांगू? सोमणांसमोर?"

दिवा हिरवा झाला. काकांनी लिफ्टची वाट बघितली नाही. गुडघे दुखतात म्हणून चार पायऱ्यांना थांबणारा माणूस तीन मजले न थांबता चढला, आणि मी, कोणी बोलावलं नसताना, मागोमाग गेले.

टॅब बरणीला टेकलेला होताच. पडद्यावरचं गोल फिरून फिरून थांबलं आणि उशांना टेकून बसलेल्या एक बाई दिसल्या. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, ओठ त्याहून घट्ट. शेजारी शोभाबाई हातात चमचा धरून. "हाय बघा आज्जी, मामा हाय तिथंच," ती म्हणाली. "मामा, कवाधरनं तोंडच उघडंनात ह्या."

काका बसले. ताटातला गार झालेला वरणभात त्यांनी पुन्हा कालवला आणि एक घास उचलून पडद्यासमोर धरला. "ताई, इकडे बघ. हा घास काऊचा." खाल्ला. तिकडे ताईंनी तोंड उघडलं. शोभाबाईने चमचा आत सरकवला. "हा चिऊचा."

सगळ्या इमारतीला ठणकावून सांगणाऱ्या या माणसाचा हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"आई गेली तेव्हा मी एवढासा होतो," मागे न बघता ते मला म्हणाले. "मी जेवायचो नाही. तेव्हा ही माझ्यासमोर बसून जेवून दाखवायची."

चार घास झाले आणि ताई थांबल्या. नजर काकांवरून सरकली आणि माझ्यावर येऊन स्थिरावली. तोंड मिटलं.

"तुम्ही दिसताय तिला," काका म्हणाले. "पाहुणा बसलेला असताना ही त्याच्या आधी कधीच जेवली नाही." त्यांनी उठून एक वाटी आणली, तिच्यात भात घातला, वर वरण घातलं, तुपाची धार सोडली आणि माझ्यासमोर ठेवली.

"काका, माझी संकष्टी आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले आणि चमचा पुढे केला.

ताई माझ्याकडे बघत होत्या. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीकडे बघावं तसं. मी चमचा घेतला आणि घास तोंडात घातला.

"हा घास केतकर वहिनींचा," काका पडद्यात बघून म्हणाले. ताईंनी तोंड उघडलं.

संध्याकाळी आरती झाली. या वेळी टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. चंद्र दिसल्यावर लोक माझ्याकडे फोन न्यायला आले. सोमण आल्या आल्या डोळे बारीक करून म्हणाले, "काय वहिनी, टिपणीसांनी मोडला की नाही उपवास?"

"मी मोडला," मी म्हटलं. "आणि पुढच्या संकष्टीपासून बारा ते दीड सगळ्यांना मधली सुट्टी आहे."

"ती का म्हणून?"

"सेक्रेटरीची मर्जी. पटत नसेल तर निवडणूक घ्या."

निवडणुकीचं नाव काढल्यावर सोमण फोन घेऊन गेले. काका सगळ्यांच्या शेवटी आले. दार उघडंच होतं. फोन माझ्याकडे डब्यात असल्यामुळे आज त्यांना न विचारता आत यावं लागलं, आणि त्यांना ते अवघड झालेलं दिसत होतं. त्यांनी आपली सगळी यंत्रं गोळा केली, घड्याळ मनगटावर चढवलं, माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली आणि बाहेर गेले. मी माझा फोन फ्रिजवर ठेवून डबा झाकायला वळले, तर तो वाजला.

काका उंबऱ्याबाहेर उभे होते. फोन कानाला, नजर खाली.

"वहिनी, आज तिने नेहमीपेक्षा जास्त खाल्लं," ते फोनमध्ये म्हणाले. "उद्या बाराला जेवायला याल का?"

"येते," मी म्हटलं. फोनमध्येच.